विरजण

लेस्टरला नोव्हेंबर उजाडला की माझं दही लागत नाही.
बॉयलरच्या कपाटात, टॉवेलांच्या मागे,
पातेलं जुन्या शालीत गुंडाळून ठेवते.
सकाळी झाकण काढावं तर दूध. हलतं, निर्लज्ज.

मार्चमध्ये स्टेंट बसला.
तेव्हापासून रोज एक गुलाबी गोळी,
वार छापलेल्या डबीतून.
एकही वार चुकवला नाही.
ऑक्टोबरात त्याच जागी पुन्हा गुठळी.
डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या घेत होता ना, नक्की?
त्या 'नक्की'चा राग अजून गेलेला नाही.

मग गालाच्या आतून कापूस फिरवला,
आणि काही दिवसांनी फार्मसीतली तिगिस्त
खुर्ची ओढून समोर बसली.
ही गोळी पोटात जाते ती झोपेतच, म्हणाली.
यकृतात कुणीतरी तिला उठवायचं असतं.
तुमच्याकडे उठवणारं कुणी नाही, मिसेस खारकर.
आईकडून आलं नाही, वडिलांकडूनही नाही.

म्हणजे विरजण नाही, मी म्हटलं.
आणि विरजण म्हणजे काय ते सांगण्यात
अपॉइंटमेंटची दहा मिनिटं संपली.
ती हसायला लागली.
इथिओपियात तिच्या मावशीकडे
धुरी दिलेल्या भांड्यात दूध नुसतं ठेवून देतात,
काही न घालता लागतं. एर्गो म्हणतात त्याला.
तिचं यकृतही त्यातलंच:
बाळंतपणानंतर कोडीन दिलं, सगळ्यांना देतात तेवढंच,
त्याचं भराभर मॉर्फिन झालं,
बाळ मांडीवर आणि ही बसल्या जागी गुंगीत.

शंभर गोऱ्यांत तुमच्यासारखे दोन-तीन,
तुमच्या देशातले दहा-बारा तरी.
मात्रा ठरवताना मोजायला कुणाकुणाला बसवलं होतं,
ते मी विचारलं नाही.
फॉर्मवर माझा चौकोन असतो: आशियाई, इतर.
तीस वर्षं त्या 'इतर'वर खूण करत आले.

पण बाहेरच्या बाकावर टेबट बसले होते, मेल्टनचे,
चर्चच्या आवारात सात पिढ्या पुरलेल्या,
चौकोन सगळ्यात वरचा.
त्यांच्या हातातला कागद अक्षरशः माझाच.
मी दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोन्ही शेजारी धरले,
आणि म्हणाले, बघा, म्हणजे माझाही 'नक्की ना' खोटाच होता.

कागदावर दोनाच्या आधी तारा असतो. तो दोनदा.
आता दुसरी गोळी आहे, जागीच येते,
सकाळ-संध्याकाळ.

शाल्मलीला ब्रिस्टलला फोन करायचाय.
पाटल्या अजून लॉकरमध्ये,
त्या तिला आवडतील का विचारून देणार होते.
यातला एक तारा मात्र
न विचारताच देऊन बसले.
फोन उचलते, ठेवते,
आधी पातेलं बघून येते.