मेन स्विच

त्या जहाजाचे टॉवेल आम्ही विणले होते.
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये, चार नंबरच्या जॅकार्डवर,
पांढऱ्यात निळा नांगर, खाली इंग्रजीत नाव.
मुलाने वाचून दाखवलं होतं, मी विसरलो.
गठ्ठ्यावरचा बंदराचा शिक्का मात्र आठवतो,
शाई ओली होती, माझ्या बनियनला लागली.

आता ते टीव्हीवर कुशीवर पडलंय
तळ्यात बसलेल्या म्हशीसारखं,
दिवे अजून चालू.

जोडबसवण्णा चौकात, इरण्णाच्या हॉटेलात
सकाळपासून कप्तानाचा खटला उभा आहे.
"पहिल्या होडीत बसला बे! पहिल्या!"
"बूटसुद्धा कोरडे होते म्हणे."
"फाशी द्या."
"त्यांच्यात फाशी नसते."
"मग इकडं पाठवा, आम्ही बघतो."
अंबाजी गड्डम, ज्याने समुद्र पाहिलेला नाही,
सिद्धेश्वर तलावातही कधी पाय घातला नाही,
बिस्किटं मांडून दाखवतो
कप्तानाने कुठे उभं राहायला हवं होतं.
जहाज बशीतल्या चहात विरघळतं.
सगळे हसतात.
मग कुणीतरी म्हणतं, लहान पोरं होती रे त्यात,
आणि चमच्याचा आवाज तेवढा उरतो.

आज पाण्याचा दिवस. पाचव्या दिवशी येतं.
अकराला नळ सुटला की निम्मं कोर्ट उठेल,
घागरी भरून परत येऊन बसेल.

कप्तान बोलतोय. खाली मराठीत पट्टी फिरते:
मी पळालो नाही.
किनाऱ्यावरून माणसं मोजायला गेलो होतो.
हॉटेल दणाणतं.
"मोजायला! ऐकलं का बे, मोजायला!"
मीही हसलो. जरा उशिरा.

मी मेन स्विच बंद करायला गेलो होतो.
असं मी सांगितलं होतं, अकरा वर्षांपूर्वी,
मालकाला, फौजदाराला, विमावाल्याला,
आणि घरी, कुणी विचारलं नसताना.
रात्रपाळी. सुताच्या गाठोड्यात ठिणगी.
जॉबर मी, शिट्टी माझ्या गळ्यात.
ती मी वाजवली, हे खरं आहे.
रस्त्यावर उभा राहून वाजवली, हेही.
स्विच आतल्या भिंतीला होता, कांड्यांच्या मशीनमागे.
शेडमधल्या प्रत्येकाला ते माहीत होतं
आणि कुणी काही बोललं नाही.
नऊ जण बाहेर आले.
यादगिरी सगळ्यात शेवटी,
कारण तो स्विच बंद करून आला.

यादगिरी समोरच बसलाय.
कप डाव्या हाताने धरतो.
उजव्या हाताची बोटं एकमेकांत विणलेली,
सोडवायची राहून गेल्यासारखी.
वयाने मोठा, म्हणून सगळे त्याच्याकडे वळतात.
तो विचारतो, "त्या होडीत अजून जागा होती का?"
कुणालाच माहीत नाही.
"असेल तर..." म्हणतो,
आणि पुढचं तेलुगूत म्हणतो, बशीकडे बघत.
इरण्णाला कळत नाही. मला कळतं.
ते मी इथे लिहिणार नाही.

अकरा वाजले. गल्लीभर बादल्या वाजल्या.

घरी दोरीवर तो टॉवेल होता,
नांगर उलटा उतरला म्हणून निर्यातीतून काढलेला,
नापास मालातला, मी पंधरा रुपयांना घेतलेला.
तोंड पुसलं.
बायको म्हणाली, त्याच जहाजाचा ना हा?
म्हटलं, हो.
म्हणाली, बरं झालं, आपल्याकडं राहिला.

घागर भरत आली होती,
पाण्याचा आवाज बारीक होत वर चढत होता.
ती म्हणाली, आता कुठं निघालात?
म्हटलं, नळ बंद करायला.

नळ तिच्या हाताशी होता.