सावलीतलं ऊन

खरं सांगतो, ते अंडं मी घरीच तळलं होतं.
तेल टाकून, तव्यावर, गॅस मध्यम,
मग उलथन्यावर झेलत जिना उतरलो
आणि जामनेर रोडच्या डांबरावर अलगद सोडलं.
पिवळं फुटलं नाही, एवढंच त्यातलं कसब.

वर लाल बाण. बाणाशेजारी माझं आ वासलेलं तोंड,
कपाळाला हात (हा फोटो दोनदा काढावा लागला,
पहिल्यात मी नुसताच दमलेला दिसत होतो).
खाली जाड अक्षरांत: भुसावळात डांबरावर ऑम्लेट!!!
शेवटपर्यंत पाहा.
शेवटी काहीच नव्हतं.
शेवटपर्यंत नऊ लाख लोक आले.

आदल्या आठवड्यात मी
उखर्डू फालकांकडे गेलो होतो.
लोको शेडमधून निवृत्त. ओट्यावर, निंबाखाली
टांगलेली लाकडी पेटी, पेटीत तापमापक,
खिळ्याला सुतळीने बांधलेली वही.
अठ्ठ्याऐंशी सालापासून रोज दुपारी अडीचला
एक आकडा.
ड्यूटी असली की बायको लिहायची,
तिचे चार वेगळे ओळखू येतात.
लेकीच्या लग्नाच्या पानावर हळदीचं बोट.
बायको गेली त्या दिवसाचाही आकडा आहे,
पेन्सिलीने. का, ते मी विचारलं नाही,
कॅमेरा चालू होता.

अकरा मिनिटं ते सांगत होते
की उन्हातलं ऊन कोणालाही दिसतं,
मोजायचं असतं ते सावलीतलं.
बासष्ट व्ह्यूज.
त्यातले नऊ माझे.

नावाचं विचारलं तेव्हा हसले.
आधीची दोन भावंडं जगली नाहीत,
म्हणून आईने उकिरड्यावर ठेवून उचललं,
नजर लागू नये म्हणून उखर्डू.
नाही लागली, म्हणाले, पंच्याहत्तर वर्षं झाली.

आणि मी रात्री दोनला
पडद्यावर अंगठा घासत
नजर लागू दे, नजर लागू दे म्हणतो.
कोणाला म्हणतो, माहीत नाही.
जो कोण आहे त्याला
झाडावर पिकलेलं केळं आणि पावडर मारून पिकवलेलं
यांतलं फक्त पिवळं कळतं.
तो रागावत नाही, शाबासकी देत नाही,
फक्त ताटात कधी वाढतो, कधी वाढत नाही,
आणि उपाशी जनावर जसं शिकतं
तसा मी शिकलो.

दोन अंडी. मग सहा. मग नागलीचे पापड.
मग ‘या मजुराचे तळपाय पाहून झोप लागणार नाही’.
पाय मावसभावाचे, वर बिटाचा रस.

मे महिन्यात पारा खरोखर सत्तेचाळीसला गेला.
टाकीजवळ कुल्फीवाला हुसेन तडवी
गाडीचं हॅन्डल धरून हळूहळू खाली बसला
आणि मग आडवा झाला.
मी आधी व्हिडिओ काढला, मग पाणी आणलं.
हा क्रम लिहून ठेवतो, नंतर बदलू नये म्हणून.
लोकांनी खाली लिहिलं: अ‍ॅक्टिंग भारी.
लिहिलं: हाही तळूनच आणला का?

उखर्डूबाबांना नातवाने अंडं दाखवलं होतं.
रागावले नाहीत. वही काढली.
‘अंडं कोन्या दिशी टाकलं रे भो? वाजले किती व्हते?’
म्हटलं, एकोणीस एप्रिल. साडेतीन.
बोट खाली सरकत एका ओळीवर थांबलं.
‘एक्केचाळीस,’ म्हणाले.
थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं,
आजाऱ्याकडे पाहतात तसं,
आणि वही उघडीच ठेवली,
कारण अडीच वाजत आले होते.

मी फोन खिशात घातला.
मग परत काढला.
पेटीचं दार उघडताना त्यांचा हात थरथरत होता,
आणि बाण कुठे लावायचा
ते मला आधीच सुचलं होतं.