कुऱ्हा, तालुका तिवसा

हिवसे सरांच्या मशीनवर वऱ्हाड लिहिता येत नसे.
बालाघाटच्या कुठल्याशा कचेरीतून लिलावात आलेली,
हिंदी कळांची मशीन;
आपला तो वाकडा र तिला माहीतच नव्हता.
सर 'व' मारायचे, एक घर सोडायचे, 'हाड' मारायचे,
मग खिशातला पेन काढून
सोडलेल्या घरात चांदकोर.
दारव्ह्याच्या तहसिलीत, लाल कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत
अशा निळ्या कोरी किती असतील कोण जाणे.
कुऱ्हाडीच्या, दऱ्याच्या, एखाद्या नवऱ्याच्या.

शीर्षक मधोमध पाहिजे तर आधी मोज, म्हणायचे.
काना मोज. मात्रा फुकट, ती गाडी पुढं नेत नाही.
मोकळी जागा मोज, बोट तिथंही पडते.
अर्धे कर. तेवढी मागं ये.
अधोरेखा पाहिजे? मागं ये, पुन्हा चाल.
ठळक पाहिजे?
तेच अक्षर, त्याच जागी, आणखी एक डाव.
"दुसरा उपाय नाही, पोरी."
घंटी वाजली की सहा घरं उरली.
शब्द बसला तर बसला, नाही तर तोडायचा;
"पण माणसाचं नाव तोडू नोको,
नावाले खाली ने."

मी शिकले, चाळीसच्या स्पीडनं पास झाले,
आणि त्याच वर्षी मशिनी भंगारात गेल्या.

आता बसस्टँडसमोर माझं दुकान आहे.
झेरॉक्स, सातबारा, लग्नपत्रिका.
किती फॉन्ट आले नि गेले!
दिग्रसहून पेनड्राइव्हवर आलेला नवरदेव
माझ्या स्क्रीनवर उघडला की
नुसती कंस-टिंबांची भाजणी.
मग युनिकोड आलं, सगळं सुधारलं,
फक्त वऱ्हाडातला र
उडी मारून ह च्या डोक्यावर जाऊन बसायचा,
आणि गिऱ्हाईक म्हणायचं, ताई, चालते, कोण वाचते.
मला चालत नसे.
र च्या पोटाशी टिंब, मग पाय मोडायचा, मग ह.
ही युक्ती मला सापडली त्या रात्री
मी दुकान उशिरा बंद केलं.

परवा सर आले. मुलगा सोबत, मोटारसायकल बाहेर सुरूच.
तेरवीची चिठ्ठी. पंचवीस प्रती.
कै. कौतिका हिवसे.
त्याखाली, सर म्हणाले, माहेर कुऱ्हा, तालुका तिवसा.
"बाबा, माहेर कोण छापते?"
सर काही बोलले नाहीत. मी छापलं.

नाव मधोमध घ्यायचं होतं.
माझं बोट कळीवर जाण्याआधी
टेबलाच्या कडेवर त्यांची बोटं सुरू झाली होती,
कौ, ति, का आणि एक काना,
मधली मोकळी जागा.
मी थांबले.
त्यांचं मोजून होईस्तोवर थांबले,
मग हळूच कळ दाबली.
नाव सरकून बरोबर त्यांनी म्हटलं तिथं.
"बरोबर हाय," ते म्हणाले,
जसं काही मी मोजलं होतं.

चुकून एक बटण दाबलं गेलं
आणि पानावरच्या लपलेल्या खुणा उघड्या पडल्या:
दोन शब्दांच्या मध्ये एकेक टिंब,
ओळ संपली तिथं उलटा झेंडा.
सरांनी चष्मा वर केला.
"हे काय व?"
मोकळ्या जागा आहेत सर. छापताना येत नाहीत.
बराच वेळ पाहत राहिले.
बाहेर मुलानं हॉर्न दिला.

प्रती निघाल्या, गरम गरम.
सर एकेक तपासू लागले, सवयच ती,
पेन तोंडात, मग हातात.
सगळीकडे कुऱ्हा नीट होतं, कोर जागच्या जागी,
मी दहादा पाहिलं होतं.
तरी पहिल्याच प्रतीवर त्यांचा हात थरथरत गेला
आणि छापलेल्या काळ्या कोरीवर
त्यांनी निळी कोर काढली.

चोवीसचेच पैसे घेतले मी.