सहा वाजताची कुपी

निळी टोपी अंगठ्यानं उडवायची,
रबरातून सुई,
दहा मिली सलाईन. जोरात हलवायचं नाही, फेस होतो.
मग बेडमागून बेड.
एकेकाला दोन मिनिटं तरी द्यायला हवीत,
मी वीस सेकंदांत उरकलंय, खोटं कशाला बोलू.
वाशीतल्या या हॉस्पिटलात अकरा वर्षं
पित्त विझवत आलेय मी,
न पेटलेलंसुद्धा.

बेड चौदा. हिंदुराव साळेकर, कांदा-बटाटा मार्केट,
पन्नास किलोची गोण घोट्यावर आली.
तोंडात भाकरी, वर ठेचा,
बायकोनं डब्याच्या तळाशी लपवून आणलेला,
आणि डाव्या हातात माझी सुई.
सिस्टर, हे कशाला?
पोटासाठी.
पोटाला काय झालंय?
मी वर सलाईनकडं बघितलं.
तोच हसला मग. म्हणजे आजार म्हशीला
आणि इंजेक्शन पखालीला!

चौथ्या दिवशी शीर सुतळीसारखी कडक,
लालभडक, हात लावू देईना.
केसपेपरवर मात्र रोज तीच ओळ,
पहिल्या रात्री ड्युटीवरच्या पोरानं लिहिलेली,
पुढं प्रत्येकानं "सुरू ठेवा" म्हटलेली.
लिहायला सही पुरते.
खोडायला कुणीतरी आधी वाचावं लागतं.

फार्मसीतला इरफान मुकादम वही घेऊन आला,
म्हणाला, ताई, जरा मोजून द्या.
बेड बत्तीस. जेवणारे सव्वीस.
सुईतून पित्ताचं औषध घेणारे एकोणतीस.
आकडे माझ्याच अक्षरात होते.
रात्री कोपरखैरण्याला घरी जाऊनही
ते एकोणतीस काही उतरले नाहीत डोक्यातून.

राउंडला कर्णिक सर म्हणाले, असू दे हो, नुकसान काय?
मी काही बोलले नाही,
साळेकरांचा हात उचलून त्यांच्यापुढं धरला.
सरांनी बोट टेकवलं. गोण्या पेलणारा गडी
कळवळला.
पेन निघालं. ओळ गेली.
मग गोळी देऊ का? मीच विचारलं, सवयीनं.
कशाला? ठेचा पचतोय त्याला.

बेड तीनची गोष्ट वेगळी.
तो रक्त ओकत आला होता, कॉफीच्या चोथ्यासारखं काळं.
त्याचा पंप रात्रभर चालवला,
दर तासाला टॉर्च मारून बघितला.
तिथं एक थेंबही मी चुकू दिला नाही.

साळेकरांची सुई काढली, कापूस दाबून धरला.
त्यांनी उशीखालून घड्याळ काढलं,
डाव्या मनगटावर बांधलं,
काटा मात्र बंद पडलेला.

आता सकाळी सहाला ट्रेमध्ये सहा-सात कुप्या.
उरलेल्या वेळाचं पहिले काही दिवस काय करावं कळेना.
बेड नऊला विचारलं, झोप लागली का?
तो पाऊण तास बोलत होता.

परवा नवीन पोरगी आली ड्युटीवर,
तिनं परत तीच ओळ लिहिली, सुबक अक्षरात.
मी विचारलं, पोटाला काय झालंय त्यांच्या?
तिनं वर सलाईनकडं बघितलं.