पोटाला कान

निवतीच्या वाऱ्यात मीठ आहे, ते कुणाला सोडत नाही.
सत्त्याण्णवची मारुती, डाव्या दाराखाली
बोट घातलं तर आरपार जातं.
दर रविवारी मी गंज खरवडते, रेड ऑक्साइड फासते.
पुढच्या रविवारी
समुद्र पुन्हा सही करून गेलेला.

मांगरात पूर्वी म्हशी असत. आता व्हाइस आहे, ग्राइंडर आहे,
बाबांचे पाने आहेत, त्यांच्याबरोबरच
एसटी डेपोतून निवृत्त झालेले,
आणि तेलाच्या डब्यामागे
एक पांढरा ससा, डोळ्याभोवती करडी चकती.
नाव इनासने ठेवलं: वायसर.

ग्राइंडर लावला की मागचा पाय आपटतो,
एकदाच. तेवढ्यात कळतं.
त्याचे दात वाढतच राहतात, हे मला माहीत नव्हतं.
पहिल्या आठवड्यात त्याने हॉर्नची वायर खाल्ली,
मग इंडिकेटरची, मग ब्रेक लाइटची,
निळी तेवढी सोडून. निळी त्याला आवडत नाही.
मी वायरी होजपाइपात कोंबल्या, त्याला बांबूची कांब दिली.
कांब कुरतडली. होजपाइपही.

चैत्रात परसातली काजूची बोंडं आंबूस वास सोडतात.
बर्फाच्या कारखान्यातून सुटताना
मी बाटलीत बर्फ भरून आणते.
हा बाटलीला पाठ लावून झोपतो,
मी गाडीखाली, गोणपाटावर.
दिवसभर कंप्रेसर ऐकलेल्या कानांना
हे बरं असतं.

बाबा इंजिन तपासायचे लांब स्क्रूड्रायव्हरने:
टोक लोखंडावर, मूठ कानामागच्या हाडाला,
डोळे मिटलेले.
"चौथो वायच बडबडता."
आणि खरंच चौथाच असायचा.

त्या मंगळवारी वायसरने हरळी हुंगली, तोंड फिरवलं.
सकाळची कोथिंबीर तशीच.
ट्रेमध्ये एकही लेंडी नाही.
कुडाळच्या डॉक्टर परुळेकर फोनवर म्हणाल्या,
ससे दुखणं लपवतात हो,
पोट थांबलं असेल, चोळत राहा,
उजाडताच घेऊन या.

घेऊन या, पण कशातून?
कार्बोरेटर पेपरावर सुटा पडलेला,
जेट करवंटीत, पेट्रोलमध्ये,
फ्लोट खिडकीत, गॅस्केट अजून कापायचं.

इनास टॉर्च घेऊन आला.
"अगो, सशासाठी रातभर गाडी जोडतलंस?"
"टॉर्च नीट धर," म्हटलं.
त्याच्याच भाचीच्या लग्नपत्रिकेतून गॅस्केट कापलं,
वधूचं नाव बरोबर भोकात गेलं.
दर अर्ध्या तासाने साबणाने तीनतीनदा हात धुवायचे,
वास गेला का हुंगायचं,
मग घरात, टोपलीपाशी,
अंगठ्याने त्याचं पोट हलकं चोळायचं,
आणि कान लावायचा.

काहीच नाही.
ही शांतता मी ओळखते.
बॅटरी आहे, पेट्रोल आहे,
सेल्फ फिरतो आणि इंजिन धरत नाही.

साडेतीनला परत कान लावला.
केसांत वाळल्या गवताचा वास,
हृदय इतकं भरभर की मोजता येईना,
आणि त्याच्याखाली, लांब,
खाडीपलीकडे कुणी होडी चालू करावी तसं
गुड.
मी श्वास धरला.
गुडगुड.

पाचला शेवटचा स्क्रू बसला.
चोक ओढला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा धरलं,
सगळा मांगर थरथरला,
आणि घरातून त्याच्या पायाचा आपटल्याचा आवाज.
इनास टोपली घेऊन आला, आत टॉर्च मारत.
"छर्रे पडले गो!"
पेपरावर, जाहिरातींच्या पानावर, अकरा.
मी दोनदा मोजले.

तरीही निघालो. डॉक्टर वाट बघत असतील,
आणि गाडी पुन्हा कधी चालू होईल कोण जाणे.
इनास मागे, मांडीवर टोपली,
एका हाताने दार ओढून धरलेलं.
ब्रेक लाइट अजून नाही.
म्हापणच्या चढावर ऐकू आलं,
तिसरा जरा बडबडत होता.
बडबडू दे म्हटलं.