एकाला पाच

दस्तगीर शिकलगारनं काउंटरवर सात रॉड मांडले
आणि वडगावच्या बाजारातल्या दलालासारखा
एकेकाचे दात, खूर, खांदे सांगत सुटला.
हातावर रुमाल टाकायचा तेवढा राहिला.
“हा कार्बन. पिसासारखा.
मासा नुसता हुंगला तरी कोपरापर्यंत कळतंय.”
मी म्हटलं, तेच नको.

खिशातनं काढला माझा प्लास्टिकचा मासा:
हिरवी पाठ, पोटात छर्रे,
हनुवटीला हे रुंद पारदर्शक फावडं.
ओढला की फावडं पाणी खातं,
डोकं खाली घालून वीस फूट जातो,
तुळशी धरणाच्या फुगवट्यात
बुडालेल्या बांधांना टकरा देत,
जिथं उन्हाळ्यात शिवडा पडून असतो.

गेल्या मेमध्ये हातात असाच कडक रॉड होता.
शिवड्यानं धरला. मला कळलं. मी हिसडा दिला.
गळ परत आला, ओठाचा तुकडा घेऊन,
चिंचोक्याएवढा.
अजून जेवताना मधेच दिसतो.

म्हणून काच पाहिजे, दस्तगीर. फायबर ग्लास.
जरा मठ्ठ, उशिरा समजणारी,
माशाला तोंड मिटू देणारी.

मग रिळं आली.
“एकाला सात. एका फेऱ्यात दीड हात दोरी.
पोरं हेच नेतात.”
बाबा, एकतीस वर्षं उद्यमनगरात गिअर कापले मी,
दातांचा हिशेब मला नको सांगू.
वेग मिळतो तो कुठनं तरी काढून घेतलेला असतो.
हा फावड्याचा मासा पाण्याशी भांडत येतो,
सातवाल्यावर तासाभरात मनगट भरतं,
आणि घाई करतो तो दमलेलाच माणूस.
एकाला पाच दाखव.

दस्तगीर माळ्यावर चढला.
बराच वेळ नुसती खोकी सरकल्याचा आवाज.
मग धुळीनं मळलेलं एक खोकं, वर चिठ्ठी:
प्र. तोडकर, ॲडव्हान्स ५००.
“महापुराच्या आधी देऊन गेले. परत आलेच नाहीत.
पाणी इथवर होतं,” त्यानं गळ्याला हात लावला,
“माळा तेवढा वाचला.”
चिठ्ठी दोघांनीही फाडली नाही.

पण हे रीळ चालतं अंगठ्यावर.
फिरकी दाबून धरायची, फेकताना सोडायची,
मासा पाण्याला टेकायच्या आत परत दाबायची,
नाहीतर दोरीचं सुगरणीचं घरटं.
दस्तगीरनं माझ्या उजव्या हाताकडं बघितलं
आणि अंगठा न लागणारी दुसरी रिळं
काही न बोलता हळूच पुढं सरकवली.

पेर सत्त्याण्णव साली गेलं, दुसऱ्या पाळीत,
एका ट्रॅक्टरच्या गिअरबरोबर.
गिअर पास झाला होता तपासणीत.
मी ते थोटूक फिरकीवर टेकवलं.
नख नाही, घट्टा नाही, नुसती बाळासारखी कातडी.
दोरीचा एकेक वळसा लागत होता,
मोजावा म्हटलं तर मोजता आला असता.

“पाचशे कमी द्या, ॲडव्हान्स आलाय,” दस्तगीर म्हणाला.
मी पुरे दिले.
तोडकर आले तर दुसरं मागव त्यांच्यासाठी, म्हटलं.
तो हो म्हणाला, पण गल्ल्याकडं बघत.

मग त्याचा तौफिक दोरीचं टोक मुठीत घेऊन
लक्ष्मीपुरीच्या रस्त्यात पळाला,
गुळाच्या रव्यांमधनं, उभ्या टेम्पोच्या पलीकडं,
आणि वळून दोन्ही पायांनी रेटा देत ओढायला लागला.
काच वाकली, शेंड्यापासनं नाही, पार कमरेतनं.
अंगठ्याखालनं दोरी थोडी थोडी जात राहिली.
“गावला! गावला! काढा की काका!”
टेम्पोवाल्यानं हॉर्नवरनं हात उचलला नाही.

मी हिसडा दिला नाही.
तेवढं उशिरा
मला पहिल्यांदाच होता आलं.