एकशे अठरा

विट्यात आमच्या गल्लीला
दिवसरात्र हादरे बसतात.
वाटीतली आमटी थरथरते
आणि जेवणारा तिच्याकडे बघतही नाही.

मी कांड्या भरते.
गाणी लिहिते मीटरच्या वहीत, मागच्या पानापासून पुढं;
शेठची नजर आकड्यांवरून फिरते,
माझ्या ओळींच्या अलीकडंच थकते.

सांगलीच्या ऑर्केस्ट्रावाल्याला चार गाणी दिली होती.
एकाला त्यानं चाल लावली.
गणपतीत स्टँडसमोर ऐकली :
माझं होतं ‘उंबऱ्यावर सांडलेलं ऊन’.
त्यानं ऊन तीनदा म्हणवून घेतलेलं
आणि उंबरा गाळलेला.
उंबराच नाही, तर ऊन सांडणार कुठं?
त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

भिशी लागली, जुना लॅपटॉप आला.
त्याचं एक बटण निखळलेलं,
चूक मागं घ्यायला नेमकं तेच लागतं.
तिथं मी काडेपेटीची काडी टोचते.
पहिल्या महिन्यात
अख्खी काडेपेटी संपली.

शिकवायला दस्तगीर मुलाणी.
मिरवणुकीचे बॉक्स भाड्यानं देऊन देऊन
त्याचा डावा कान गेलाय.
त्यानं आधी सगळे आवाज शून्यावर ओढले.
“ऐकू यायला आवाज वाढवायचा नसतोय, पोरी.
आडवा कोण हुबा हाय बघ. त्याला सरकीव.”
मी ढोलकी सरकवली, पेटी सरकवली.
तरी गाणं दबलेलंच.
शेवटी दिसलं, माझ्यासमोर
मीच उभी होते,
हौसेनं दुसऱ्यांदा गाऊन ठेवलेली.

घुमणारी खोली नको, म्हणून सुताच्या पोत्यांत बसले.
सूत आवाज पितं, पुरावा ठेवत नाही.
पण माग? माग भिंतीतून येतात, फरशीतून येतात,
माइकच्या दांड्यावरून चढतात.
गोंगाट काढायचीही सोय असते म्हणे.
त्याला आधी नुसता गोंगाट ऐकवायचा,
मी गप्प बसायचं,
मग तो ओळखून वेचून काढतो.
काढला.
सोबत माझा प्रत्येक ‘स’ गेला.
सावली आवली झाली, सासर आर झालं.
धोट्याचा आणि माझा ‘स’
एकाच जागी राहायला होता, मला ठाऊकच नव्हतं.
काडी टोचली.

सोमवारी लाइट नसते.
गल्ली एकदम अशी गप्प होते
की कुणीतरी गेल्यासारखं वाटतं.
बॅटरी एक तास चाळीस मिनिटं.
माइकपुढं बसले, श्वास घेतला, गायले
आणि दुसऱ्याच ओळीत घसरले.
पुन्हा. पुन्हा घसरले.
पायाखालची फरशी नुसती फरशी होती,
मला धरून ठेवणारं काही चालू नव्हतं.
बॅटरी संपली. काळ्या पडद्यात माझं तोंड दिसलं,
कपाळावर सूत चिकटलेलं.

मंगळवारी मोबाइल मागाच्या पोटाशी धरला.
ठोके मोजले : मिनिटाला एकशे अठरा.
मग वहीतली गाणी काढली, एकेक.
नवरा गेला त्या वर्षीचं. एकशे अठरा.
पोरीच्या बारशाचं, एकशे अठरा.
जे मी संथ समजत होते
तेही, अर्ध्या पावलानं, तिथंच.

दस्तगीरला सांगितलं. तो बराच वेळ उजवा कान खाजवत राहिला.

आता गाण्याच्या तळाशी माग ठेवलाय,
इतका हळू, की नाहीच म्हणावा.
हौसाक्काला ऐकवलं काल.
तीस वर्षं माग चालवतीय ती.
एक बूच तिच्या कानात, एक माझ्या.
डोळे मिटून तिनं सगळं ऐकलं,
उंबरा आला, ऊन आलं, ती हलली नाही.
संपल्यावर म्हणाली,
“कोपऱ्यातल्या तिसऱ्या मागाचा धोटा अडखळतुया.
तेल घालाय सांग जॉबरला.”

आणि तंबाखूची डबी शोधत
पुन्हा पहिल्यापासून लाव म्हणाली.